सीआरएनए (अमेरिकेतली भूल देणारी नर्स) होऊन पुढे शिकवायचं आहे, ओटी (ऑपरेशन थिएटर) सोडावी लागते का?

मिरजेची_मधू:
नमस्कार मंडळी, मी मिरजेची, बीएस्सी नर्सिंग, एनक्लेक्स (अमेरिकेतली नर्सिंगची परवाना परीक्षा) देऊन आता टेक्सासमधे आयसीयूत आहे. नर्स अनेस्थेशियाला, म्हणजे सीआरएनएच्या कोर्सला, अर्ज करायचं डोक्यात आहे, पण खरं तर मला शिकवायलाच जास्त आवडतं, नवीन मुली आल्या की व्हेंटिलेटर समजवायचं काम माझ्याच गळ्यात पडतं आणि मी ते खुशीने करते. थोडं ओटी थोडं कॉलेज असं जमतं का? आणि आई विचारतेय, उद्या परत आलीस तर इथे काय करणार?

झोपवणारी_ताई:
जमतं गं, मी तेच करते. आठवड्यातले काही दिवस ओटी, बाकी कॉलेज. पण आधी प्रवेश. आयसीयूचा किमान १ वर्ष अनुभव मागतात, त्यावर विसंबू नकोस, स्पर्धा फार आहे. २०२२ पासून नवीन प्रवेश सगळे डॉक्टरेटलाच, किमान ३६ महिने, २००० क्लिनिकल तास, त्यात नोकरी होत नाही म्हणजे कर्ज आलंच. म्हणून पास झाल्यावर आधी पूर्णवेळ ओटी कर, कर्ज उतरव, कारण कॉलेजचा पगार ओटीपेक्षा कमी असतो हे कोणी आधी सांगत नाही.
शिकवायची सुरुवात प्रिसेप्टर (ओटीत विद्यार्थ्यांना हाताशी धरून शिकवणारी) म्हणून होते, एका वेळी जास्तीत जास्त २ विद्यार्थी. आणि खरं अवघड तिथेच आहे. पोरगा श्वासनलिकेत ट्यूब टाकतोय, त्याला व्होकल कॉर्ड्स दिसत नाहीयेत, सॅच्युरेशन ९६, ९४, तिकडे सर्जन घड्याळ बघतोय, आपले हात शिवशिवतात. लगेच ओढून घेतलं तर तो शिकत नाही, उशीर केला तर पेशंट जातो. हा अंदाज रोज ओटीत उभं राहिल्याशिवाय राहत नाही, म्हणून पूर्ण सोडू नकोच.

भूलवाला_पुणे:
आईंच्या प्रश्नाचं उत्तर: भारतात भूल द्यायची तर एमबीबीएसनंतर एमडी, डीए किंवा डीएनबी. ही पदवी घेऊन इथे स्वतंत्रपणे भूल देता येणार नाही. आणि स्पष्टच बोलतो, डॉक्टर नसताना नर्सने एकटीने केस घ्यावी हे मला पटत नाही.

झोपवणारी_ताई:
डॉक्टर, तो वाद इथेही जुनाच आहे. मेडिकेअरची (इथला सरकारी आरोग्य विमा) डॉक्टरच्या देखरेखीची अट राज्याला नाकारता येते, २००१ मधे आयोवाने पहिल्यांदा नाकारली, अजून सगळ्या राज्यांनी नाही. छोट्या गावातल्या हॉस्पिटलात कितीदा भूल द्यायला सीआरएनएशिवाय कोणीच नसतं, मग सिझेरियन थांबवायचं का?

अटलांटाकर:
मधू, गोल्डी ब्रँगमन वाच. १९५८ मधे मार्टिन ल्यूथर किंग यांना न्यूयॉर्कमधे भोसकलं, तेव्हा हार्लेम हॉस्पिटलच्या ओटीत हाताने बॅग दाबून त्यांचा श्वास चालू ठेवणारी हीच. तिथलंच अनेस्थेशिया स्कूलही तिने चालवलं, पुढे भूल देणाऱ्या नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेची अध्यक्षही झाली. म्हणजे तुला हवंय ते दोन्ही.

मिरजेची_मधू:
थँक्यू सगळ्यांना, पगाराचं खरंच माहीत नव्हतं. ताई, अर्जाआधी शॅडोइंग (सोबत राहून त्यांचं काम बघणं) कसं मागायचं? आमच्याच हॉस्पिटलमधल्या सीआरएनएला थेट विचारलं तर चालतं का?

झोपवणारी_ताई:
बिनधास्त विचार. फक्त सकाळी पहिल्या केसच्या गडबडीत नको.