दमा असलेल्या घोडीला अँटिऑक्सिडंट पूरके द्यावीत का?

प्रश्न (सोलापूर)
नमस्कार. आमच्याकडे वरातीची एक घोडी असून तिचे वजन साधारण 350 किलो आहे. उन्हाळ्यापासून तिला कोरडा खोकला येतो, आणि नुसती उभी असतानाही श्वास सोडताना पोट जोर लावून आत ओढले जाते. बरगड्यांच्या मागे तिरकी खाच उठून दिसू लागली आहे. ताप नाही. पशुवैद्यकांनी दम्याचे निदान करून औषध सुरू केले आहे. एका परिचितांनी अँटिऑक्सिडंट (पेशींचे नुकसान रोखणारी द्रव्ये), म्हणजे ई व क जीवनसत्त्वे आणि सेलेनियम हे खनिज, असलेली भुकटी सुचवली आहे. तिचा खरोखर उपयोग होतो का? सध्या आहारात कडब्याची कुट्टी, भरडा आणि थोडा गव्हाचा कोंडा आहे. हिरवा चारा जवळपास नाहीच.

उत्तर 1
काही प्रमाणात होऊ शकतो. घोड्याचे यकृत क जीवनसत्त्व स्वतः तयार करते, तरीही दमा असलेल्या घोड्यांच्या फुप्फुसांतील द्रवात ते कमी आढळते. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा घोड्यांना हीच तीन पोषकद्रव्ये दिल्यावर त्यांची श्रम सोसण्याची क्षमता वाढली आणि श्वासमार्गाची सूज कमी झाली; मात्र घोडे मोजकेच होते. मला आपले शेवटचे वाक्य अधिक महत्त्वाचे वाटते, कारण ई जीवनसत्त्व हिरव्या चाऱ्यात भरपूर असते आणि चारा वाळवून साठवला की झपाट्याने घटते. त्यामुळे हिरवा मका किंवा लसूणघास हळूहळू वाढवत सुरू करावा.

उत्तर 2
धुळीचा बंदोबस्त केल्याशिवाय कोणतीही भुकटी पुरी पडणार नाही. घोडा केवळ नाकानेच श्वास घेतो, आणि कुट्टीत नाक खुपसून खाताना बुरशीचे बारीक कण थेट आत ओढले जातात. कुट्टी अर्धा तास पाण्यात भिजवून, निथळून द्यावी. आपल्याकडच्या उन्हात ती लवकर आंबते, म्हणून गव्हाणीतले उरलेले लगेच काढून टाकावे. तबेला झाडताना घोडीला बाहेर बांधावे, आणि धूळ खाली बसल्यावरच आत आणावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. भरड्यात आम्ही आधीपासून खनिज मिश्रण घालतो. त्याच्या जोडीला ही भुकटी चालेल का?

उत्तर 3
आधी दोन्ही डब्यांवरील सेलेनियमचे प्रमाण पाहावे. एवढ्या वजनाच्या घोडीची रोजची गरज 1 मिलिग्रॅमहूनही कमी असते, आणि दोन्हीकडून मात्रा वाढत गेली तर आयाळ व शेपटीचे केस झडतात, खुरांना आडव्या भेगा पडतात. मिश्रणात ते पुरेसे असेल, तर सेलेनियम नसलेले नुसते ई जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून द्यावे. वजनाच्या दर किलोमागे 1 ते 2 आंतरराष्ट्रीय एकके (IU, जीवनसत्त्वे मोजण्याचे माप) ही त्याची नेहमीची गरज आहे. त्यांनी दिलेले औषध मात्र आपल्या मनाने कमी करू नये.