लढाईत पोरकी झालेली आजी तुमच्याही घरात होती का?

रानजाई
परवा आई इकडे लंडनला आली. बॅग उघडली तर चादरीच चादरी. "गांधीनगरहून घेतल्या, होलसेलात," म्हणाली आणि मला एकदम बाब्चा आठवल्या. बाब्चा म्हणजे माझ्या पोलिश आजेसासूबाई.

चादरी जिथून आल्या तिथेच त्या पाच वर्षं राहिल्या होत्या. तेव्हा गांधीनगर नव्हतं, वळीवड्याचा कॅम्प होता. १० फेब्रुवारी १९४० ला रात्री सोव्हिएत शिपायांनी पूर्व पोलंडमधल्या घरातून सगळ्यांना उठवलं आणि मालगाडीत कोंबून सायबेरियात नेलं. वडिलांना वेगळं काढलं, ते पुन्हा दिसलेच नाहीत. १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला तेव्हा पोलिश लोकांची सुटका झाली. मायलेकी कशाबशा उझबेकिस्तानात पोचल्या, तिथे आई टायफसने गेली. मग इराण, कराची आणि १९४३ ला कोल्हापूर. कॅम्पात पाचेक हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं.

हे सगळं मला नवऱ्याने सांगितलं. त्या स्वतः बोलायच्या फक्त वळीवड्याबद्दल. मी कोल्हापूरची म्हटल्यावर माझा हात घट्ट धरून म्हणाल्या, "नको नको, जास्त आहे! चार आणे!" केळीवालीशी घासाघीस करून शिकलेलं मराठी. नमस्कार येत नव्हता, भाव पाडता येत होता!

त्या गेल्यावर खोली आवरली तर पलंगाखाली पिठाच्या पिशव्या, कित्येक तारीख उलटून गेलेल्या. एक तर इतकी जुनी की त्या कंपनीचं नावही कुणाला आठवेना.

तुमच्या घरी कोणी अशी होती का? लिहा.

पंचगंगाकाठ
आमचं आजोबा त्या कॅम्पात दूध घालायचं. सायकलला दोन किटल्या. मापं मोजायला येडेन, द्वा, त्शी शिकले आणि घरीपण तसंच मोजायचे. येडेन म्हटलं की आम्ही पोरं खीः खीः. महावीर गार्डनमध्ये पोलिश लोकांचा स्तंभ हाय, बघितलाय न्हवं? आणि रविवारी गांधीनगरला चारचाकी घेऊन जाऊ नका, पार्किंगची बोंब हाय.

झणझणीत
आजीनी तांबडा-पांढरा चाखला का नाही ते सांगा आधी.

रानजाई
पांढरा चालला असता. तिखटाचा वासही नको असायचा.

उल्हासिता
माझी आजी लढाईची नाही, फाळणीची. चालेल ना? पोलिश लोक गेल्यावर आम्ही सिंधी त्याच बराकींत आलो. आजी सांगायची, खोलीच्या भिंतीवर क्रूस काढल्याचा डाग होता. खिळा तसाच होता, तिने त्यालाच झूलेलालचा फोटो लावला. आता तिथे आमचं तीन मजली दुकान आहे. @पंचगंगाकाठ, मंगळवारी या, पार्किंग मिळेल.

पंचगंगाकाठ
डिस्काउंट पण द्या की ताई.

मांडवीकर
आमची आजी रंगूनची. पणजोबा पोटासाठी गेलेले, लाकडाच्या वखारीत कारकून. म्हणजे बघा, ब्रह्मदेशाचा थिबा राजा इंग्रजांनी रत्नागिरीत आणून ठेवलेला आणि रत्नागिरीचा माणूस ब्रह्मदेशात! राजा १९१६ ला इथेच वारला.

२३ डिसेंबर १९४१ ला जपान्यांनी रंगूनवर बॉम्ब टाकले, पणजोबा त्यात गेले. मग आजी आईबरोबर चालत निघाली, तामूवरून इम्फाळच्या दिशेने. आईला वाटेत पटकी झाली. पुढचं आजी कधीच बोलली नाही. एका तमिळ बाईने तिला हाताला धरून दिमापूरच्या रेल्वेपर्यंत आणलं. त्या बाईचं नाव आजीला ठाऊक नव्हतं, नुसतं अक्का. चुलत्यांनी रत्नागिरीला आणल्यावर शाळेत सगळे हिला "बर्मी" चिडवायचे.

तिकडे बायका तनाखा नावाच्या झाडाची साल उगाळून गालाला लावतात. इथे कुठली मिळणार? आजी देवाच्या सहाणेवर चंदन उगाळून दोन्ही गालांवर गोल फासायची. देवाचं गंध तोंडाला लावते म्हणून चुलती जाम ओरडायची. ऐंशीच्या घरात गेली तरी दुपारी कोणी नाही बघून लावायचीच.

आणि शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया! आपण नारळाच्या रसात गूळ घालून खातो ना, ही त्यात कोंबडीचा रस्सा आणि तळलेला लसूण घालायची. पाहुणे बघतच राहायचे.

झणझणीत
अहो हे तर ब्रह्मदेशी खाऊस्वे! मुंबईत याचे पाचशे रुपये घेतात.

सुमन_ताई
रानजाई, फार जीव तुटला गं वाचताना. आईचं तोंडही शेवटचं बघायला मिळालं का पोरीला? माझ्या सासूबाई पण लहानपणीच पोरक्या, पण प्लेगमुळे. त्यांच्यावर सविस्तर लिहीन, आत्ता कुकर लावलाय.

रानजाई
माहीत नाही ताई. तेवढं विचारायचं धाडस घरात कुणालाच झालं नाही. नवरा इथल्या पोलिश लोकांच्या सिकोर्स्की म्युझियममध्ये कागद बघायला जाणार आहे, पणजोबांचं नाव कुठल्या यादीत आहे का ते.

पंचगंगाकाठ
सापडलं तर इथं लिवा.

सुमन_ताई
@मांडवीकर, लसूण वरून घालायचा की रस्सा शिजतानाच?

मांडवीकर
वरून, कुरकुरीत तळून. लिंबू हवंच. गूळ मात्र विसरा.