मदत हवी आहे : १९८७ चे तांग ताइझुंगचे सुवर्णनाणे, कसोटीवर न घासता खात्री कशी करावी?

नमस्कार. माझे मामा व्यापारी जहाजावर नोकरीला होते. १९८८ साली त्यांनी हाँगकाँगहून आणलेले एक सोन्याचे नाणे मामींनी नुकतेच माझ्या स्वाधीन केले. त्याच्या एका बाजूला चीनचे राष्ट्रचिन्ह आणि साल आहे, दुसऱ्या बाजूला तांग सम्राट ताइझुंग, म्हणजेच ली शिमिन; दर्शनी किंमत १०० युआन. मूळ डबी आणि प्रमाणपत्र मात्र सापडत नाही.

चीनने १९८४ पासून थोर ऐतिहासिक व्यक्तींवर नाण्यांची जी मालिका काढली, तिच्यातले हे नाणे आहे. पहिल्या वर्षी सोन्यावर चीनचा पहिला सम्राट छिन शिह्वांग होता, १९८६ साली हान घराण्याचा संस्थापक लिउ बांग, आणि ताइझुंगच्या वर्षी ली बाई व दू फू हे कवी चांदीच्या नाण्यांवर आले. ज्या ह्युएन त्संगाने महाराष्ट्राचे आणि पुलकेशीचे वर्णन लिहून ठेवले, तो ६४५ साली मायदेशी परतल्यावर त्याचा सन्मान करून त्याच्याकडून प्रवासवृत्तान्त लिहवून घेणारा सम्राट हाच, म्हणून हे नाणे विकण्याचा विचारही माझ्या मनात नाही.

या नाण्याचे ठरलेले वजन ११.३२ ग्रॅम असून ते २२ कॅरेटचे आहे, म्हणजे शुद्ध सोने एक तृतीयांश औंस, सुमारे १०.३७ ग्रॅम. आमच्या सराफांच्या काट्यावर ते ११.३१ भरले. टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, पाहण्यासाठी कडेला कसोटीवर घासावे लागेल, असे त्यांनी सांगितले. मी नकार दिला, कारण आरशासारख्या पृष्ठभागावर पडलेला ओरखडा पुन्हा कधीच भरून निघत नाही.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. क्ष-किरणांच्या कॅरेट मीटरवरची चाचणी पुरेशी मानावी, की ते यंत्र फक्त वरचा थर वाचत असल्यामुळे पाण्यात तोलून घनताही काढावी? राष्ट्रचिन्हाजवळ मोहरीएवढा तांबूस ठिपका आहे. तो मिश्रधातूतील तांब्यामुळे आला असावा असे मला वाटते, परंतु तो ॲसिटोनने धुवावा, की त्याला हातच लावू नये? आणि प्रमाणित करून घेण्यासाठी ज्यांनी परदेशी नाणी भारताबाहेर पाठवली आहेत, त्यांनी परत आणताना सीमाशुल्क लागू नये म्हणून पाठवण्यापूर्वी कोणती कागदपत्रे करून घेतली होती?