यंदा जवळजवळ व्हीगन नाताळ: नट रोस्टचा भुगा होऊ नये म्हणून काय करता?

नमस्कार मंडळी,

आमच्या लेकीने वर्षभरापूर्वी दूध, लोणी, अंडी, मध सगळंच सोडलं. गेल्या नाताळात तिच्यापुरता नट रोस्ट (सुकामेवा ठेचून टिनमध्ये भाजलेला वडीसारखा पदार्थ) केला, तर सुरी लावताच त्याचा भुगा. बटाटे लोण्यात भाजलेले, ग्रेव्ही मांसाच्या रसातली. पोरीने नुसते ब्रसेल्स स्प्राउट्स (ते छोटे कोबी) आणि गाजरं खाल्ली. एका शब्दाने बोलली नाही, म्हणून मला जास्तच लागलं.

यंदा आठही माणसांना एकच जेवण करायचंय. सासऱ्यांसाठी चीज तेवढं वेगळ्या ताटलीत. नट रोस्ट, ग्रेव्ही आणि गोड, तिन्हीबद्दल अनुभवाचं काही सांगाल का?

*

अगं, सगळ्यांना एकच जेवण हा विचार फार चांगला आहे. वेगळं वाढलेलं पान कितीही सुंदर असलं तरी ते वेगळंच दिसतं.

रोस्टचा भुगा होतो तो अंड्याविना बांधणी कमी पडते म्हणून. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेव, बुळबुळीत झाली की एका अंड्याचं काम करते. शिजलेले मसूर अर्धे ठेचून घाल. मशरूम मात्र पाणी पार आटेपर्यंत परत, ओलावा राहिला की वडी धरत नाही. मिश्रण टिनमध्ये दाबून भर, १८० अंशांवर पाऊण तास भाज, आणि बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नकोस. मी तर आदल्या दिवशी भाजून थंड करते, दुसऱ्या दिवशी काप पाडून गरम करते. एकही काप मोडत नाही.

पण खरी मेहनत ग्रेव्हीवर घे. बाकी सगळं साधं असलं तरी ग्रेव्ही दाट आणि खमंग असेल तर पान भरल्यासारखं वाटतं. कांदा, गाजर, सेलरी ओव्हनमध्ये कडा काळपट होईपर्यंत भाज. सुकी मशरूम भिजवून त्यांचं पाणी गाळून घे, ते फेकायचं नाही! त्यात थोडी टोमॅटो पेस्ट आणि सोया सॉस. मांसाच्या रसात जी चव असते ती बरीचशी ग्लुटामेटची, आणि ते या तिन्हींत भरपूर असतं. भाज्या त्या पाण्यात अर्धा तास उकळून गाळ, तेलात परतलेल्या मैद्याने दाटपणा आण.

बटाटे उकळताना पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा टाक. कडा मऊ झाल्या की निथळून पातेल्यातच हलव, खरबरीत झाले की कडकडीत तापलेल्या तेलात. लोण्याची आठवणही येणार नाही.

आणि पाहुण्यांत कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी आहे का, ते आधी विचार.

*

वहिनी, गोडाबद्दल मी लिहितो.

नाताळचं पुडिंग विकत आणणार असाल तर घटक वाचा. पारंपरिक पुडिंगमध्ये सूएट असतं, म्हणजे गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी. मिन्समीटमध्ये, म्हणजे पायमध्ये भरायच्या सुक्या फळांच्या गोड सारणात, आता मांस नसतं, पण सूएट असू शकतं. वनस्पती सूएट मिळतं, ते चालेल. तयार पफ पेस्ट्री पुष्कळदा वनस्पती तेलाचीच असते, वर अंड्याऐवजी सोया दूध लावा. मार्झिपॅनमध्ये (बदाम-साखरेचा गोळा) अंड्याचा पांढरा भाग आणि वाइन निवळायला इसिंग्लास, म्हणजे माशाच्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ, वापरलेलं असू शकतं, तेही बघा.

मरँग म्हणजे एरवी अंड्याच्या पांढऱ्या भागाचा साखर घालून फेटलेला, मंद भाजलेला फेस; त्यासाठी अंड्याऐवजी डब्यातल्या काबुली चण्यांचं पाणी घ्या. २०१४ साली फ्रान्सच्या जोएल रोएसेल यांनी या पाण्याचा अंड्यासारखा फेस होतो हे दाखवलं, ॲक्वाफाबा हे नाव त्याला २०१५ मध्ये मिळालं. दोन मोठे चमचे म्हणजे एका अंड्याचा पांढरा भाग. क्रीम ऑफ टार्टर (फेस टिकवणारी आंबट पूड) चिमूटभर, आणि दहा मिनिटं तरी फेटा, मध्येच थांबू नका. १०० अंशांवर दीड-दोन तास ठेवा, मग ओव्हन बंद करून आतच गार होऊ द्या. हवेतला दमटपणा त्यांना लगेच धरतो, त्यामुळे त्याच दिवशी संपवा.

*

काकू, दादा, मनापासून आभार.

ॲलर्जीचं वाचून नणंदेला फोन केला. तिच्या मुलाला अक्रोड अजिबात चालत नाहीत, मला कल्पनाच नव्हती. आता रोस्टमध्ये कुठलेच नट्स नाहीत, भाजलेल्या सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया घालणार. मार्झिपॅनही बदामाचं म्हणून रद्द.

ग्रेव्ही आज करून पाहिली. लेक दोनदा वाटी घेऊन आली. उद्या मरँगचा सराव.