चाकू म्हणजे किरकोळ?

‘चाकूवाल्याला काय घाबरायचं, बंदूक असती तर गोष्ट वेगळी’ हे काही पटलं नाही. गोळी जास्त जीवघेणी, आणि लांबूनही लागते, यात वादच नाही. पण जवळच्या अंतरावर हिशेब बदलतो. चाकूत गोळ्या भराव्या लागत नाहीत, तो ऐनवेळी अडकत नाही, आवाजही करत नाही. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या डेनिस ट्युलर या पोलीस अधिकाऱ्याने १९८३ मध्येच लिहून ठेवलंय: धडधाकट माणूस २१ फूट साधारण दीड सेकंदात पार करतो. कमरेचं पिस्तूल काढून गोळी झाडायलाही जवळपास तेवढाच वेळ लागतो, तोही सराव असलेल्याला!

आपल्या नाशकात तर गावठी कट्ट्यापेक्षा (देशी पिस्तुलापेक्षा) कोयत्याचीच भीती जास्त. सातपूरला माझ्या मावसभावाने भांडण सोडवताना कोयता हाताने अडवला. तळव्यावर एकच आडवी चीर. दुखलं नाही म्हणे, हात घामाने ओला झालाय असंच वाटलं त्याला. आतल्या, बोटं हलवणाऱ्या कंडरा तुटल्या होत्या. टाके, ऑपरेशन, मग कित्येक महिने रबरी चेंडू दाबत बसणं. दोन बोटं अजून पूर्ण मिटत नाहीत, चहाचा कप डाव्या हाताने धरतो.

चाकूवाल्यापासून निदान पळता तरी येतं, तेवढाच फायदा. तेव्हा हिरोगिरी नको, पाकीट मागितलं तर देऊन टाका. आणि चाकू अंगात रुतलेला असेल तर उपसू नका, आजूबाजूने कापड दाबून धरा आणि १०८ लावा.