ओट्याखालच्या कोपऱ्यात सहज फिरणारे कप्पे कसे करावेत?

प्रश्न (वेंगुर्ले)

नमस्कार. आमचे घर वेंगुर्ल्यात आहे, समुद्र हाकेच्या अंतरावर आहे आणि भिंती चिऱ्याच्या आहेत. स्वयंपाकघराचा ओटा नव्याने बांधून घेतला असून तो काटकोनात वळतो. दोन्ही अंगांची खोली ६०० मिमी आहे आणि कोपऱ्यापासून दोन्हीकडे ९०० मिमीपर्यंतची जागा मी आडव्या कडाप्प्याशिवाय मोकळी ठेवायला सांगितली आहे. जमिनीपासून ग्रॅनाइटच्या खालच्या बाजूपर्यंत ७५० मिमी उंची मिळते. सिंक आणि गॅसची शेगडी या कोपऱ्यापासून दूर आहेत, त्यामुळे नळाचा किंवा गॅसचा पाइप मध्ये येत नाही.

जुन्या ओट्याखाली हाच कोपरा सगळ्यात मोठा होता आणि सगळ्यात निरुपयोगीही होता, कारण मागे गेलेला डबा काढायला आईला जमिनीवर बसून हात घालावा लागत असे. म्हणून तिथे मधल्या उभ्या दांड्याभोवती फिरणारे दोन कप्पे करून घेण्याचा विचार आहे. बहिणीच्या घरी असा तयार जाळीचा संच बसवला होता, पण दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या तारांच्या जोडांवर गंज आला आणि कप्पा एका बाजूला झुकून दाराला घासू लागला. आमच्याकडे ठेवायचे सामानही हलके नाही. आगळाच्या (कोकमाच्या खारवलेल्या रसाच्या) बाटल्या, लोणच्याच्या आणि मिठाच्या चिनी मातीच्या बरण्या, खोबरेल तेलाचा डबा आणि तांदूळ हे सगळे तिथेच जाणार आहे. कप्पा पूर्ण गोल असावा की दारासाठी खाच पाडलेला, बेअरिंग कोणते घ्यावे आणि खाऱ्या हवेत टिकणारे साहित्य कोणते, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (चिपळूण, यंत्र अभियंता)

तुम्ही दोन्हीकडे ९०० मिमी मोकळे ठेवलेत ही फार चांगली गोष्ट झाली, कारण या कामात निम्मा निर्णय जागेच्या मापानेच होतो. भिंतीलगतची पाठीची फळी, ग्रॅनाइटची पुढे आलेली कड आणि दाराची जाडी वजा केली, तर ६०० मिमीपैकी आत ५५० मिमी खोली हाती राहते असे धरू. पूर्ण गोल कप्पा करून दारे मिटायची असतील, तर वर्तुळ मागच्या दोन्ही भिंतींपासून सुटे राहिले पाहिजे आणि दारांचा जो कोपरा आत घुसतो त्यालाही चुकवले पाहिजे. हे गणित मांडले की साधारण ६१० मिमी व्यासाच्या पुढे जाता येत नाही. कप्प्याला दारांच्या आकाराची काटकोनी खाच दिली, तर मात्र व्यास ८२० मिमीपर्यंत नेता येतो. त्यासाठी दांड्याचा मध्य दोन्ही पाठींपासून ४३० मिमीवर घ्यावा आणि खाचेच्या दोन्ही कडा मध्यापासून १०० मिमी पुढे सुरू कराव्यात. गोल कप्प्याचे क्षेत्रफळ ०.२९ चौरस मीटर भरते, तर खाच वजा जाऊनही दुसऱ्याचे ०.४७ चौरस मीटर भरते, म्हणजे जागा दीडपटीहून अधिक मिळते. माझ्या मते तुमच्या कोपऱ्यात खाचेचाच कप्पा करावा. दारे दोन पाळ्यांची, एकमेकींना बिजागरीने जोडलेली आणि एकत्र घडी होऊन उघडणारी लागतील, आणि पहिल्या पाळीला १६५ ते १७० अंशांत उघडणारी बिजागरी घ्यावी लागेल.

आता बेअरिंग. बाजारात दोन पत्र्यांमध्ये गोळ्या बसवलेले चपटे चकतीचे बेअरिंग मिळते आणि अनेक जण कप्प्याखाली तेच लावतात. जेवणाच्या टेबलावर फिरणाऱ्या थाळीसाठी ते उत्तम आहे, पण येथे ते घेऊ नये. १२ किलोची बरणी मध्यापासून ३०० मिमीवर ठेवली, तर कप्प्याला उलटवू पाहणारा जोर ३.६ किलोग्रॅम-मीटर होतो. चकतीतल्या गोळ्यांचे कडे २५० मिमी व्यासाचे असेल, तर त्या कड्याला हा जोर एका बाजूला सुमारे १४ किलोच्या जादा दाबाने आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच उचलीने पेलावा लागतो, आणि पातळ पत्र्याची ही चकती उचल सोसण्यासाठी केलेलीच नसते. पत्रा किंचित उघडतो, गोळ्या एका बाजूला दाबल्या जातात आणि कप्पा खरखरत फिरू लागतो. तेच वजन उभ्या दांड्यावर टाकले आणि दांड्याला खाली व वर, ६०० मिमी अंतरावर आधार दिला, तर प्रत्येक आधारावर आडवा जोर फक्त ६ किलो येतो. या दोन आकड्यांतच सगळे उत्तर आहे.

दांडा २५ मिमी व्यासाचा, २ मिमी जाड भिंतीचा स्टेनलेस पाइप घ्यावा आणि त्याच्या दोन्ही टोकांना लेथवर २० मिमीला कातलेले भरीव तुकडे बसवावेत. खाली साधे ६२०४ क्रमांकाचे बॉल बेअरिंग पुरते. उभ्या वजनासाठी वेगळे थ्रस्ट बेअरिंग हवे असे सांगितले जाते, परंतु कप्पे आणि सामान मिळून ६०-७० किलो वजन ६२०४ सहज पेलते. या बेअरिंगला वजनाची भीती नाही, ओलाव्याची आहे, म्हणून दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलेच मागावे. त्यात वरून तेल घालू नये. खोबरेल तर मुळीच नको, कारण ते २४-२५ अंशांखाली थिजते आणि पुढे धूळ धरून चिकट होते.

दोन्ही कप्पे दांड्याला पक्के करून एकत्रच फिरवावेत. सुटे फिरणारे कप्पे सोयीचे वाटतात, पण खाचेच्या रचनेत दोन्ही खाचा जागेवर आणल्याशिवाय दार मिटत नाही आणि रोज तेवढी जुळवाजुळव कोणी करत नाही.

उत्तर (रत्नागिरी, फॅब्रिकेशनचे काम)

वरील रचनेशी मी सहमत आहे, फक्त धातूबद्दल थोडे लिहितो. बहिणीच्या घरच्या तारा गंजल्या त्या बहुधा साध्या लोखंडावर क्रोमचा मुलामा दिलेल्या असाव्यात. वेल्डिंगच्या जोडावर मुलामा नीट बसत नाही आणि खारा दमटपणा नेमका तिथूनच आत शिरतो. दुकानात नुसते “स्टील आहे” म्हणून जे दिले जाते ते पुष्कळदा २०२ दर्जाचे असते. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते आणि किनाऱ्यावर त्याच्यावर लवकर तांबूस डाग पडतात. चुंबक चिकटत नाही म्हणून ते ३०४ (गंजाला अधिक तोंड देणारा दर्जा) आहे असे समजू नये, कारण चुंबक २०२ लाही चिकटत नाही. बिलावर दर्जा लिहून घ्यावा. घराच्या आत, ओट्याखाली ३०४ पुरेसे होते, मात्र मिठाची बरणी आणि आगळ ज्या कप्प्यावर राहणार त्याची कडेची पट्टी ३१६ ची केली तर खर्च फार वाढत नाही. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि मिठाने पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते चांगले तोंड देते. ॲल्युमिनियमची पट्टी येथे टाळावी, आगळातले मीठ आणि आम्ल मिळून ती खातात. स्क्रूसुद्धा स्टेनलेसच हवेत. सगळे काम चांगले करून शेवटी लोखंडी स्क्रू मारले जातात आणि दोन वर्षांत प्रत्येक स्क्रूभोवती प्लाय काळा पडतो.

उत्तर (कुडाळ, सुतारकाम)

अभियंत्यांनी मापे दिली आहेत, पण ती लावण्यापूर्वी कोपऱ्याला गुण्या लावून पाहा. चिऱ्याच्या भिंतीवर गिलाव्याचा थर जाड-पातळ असतो आणि कोपरा क्वचितच बरोबर काटकोनात मिळतो. एका भिंतीवर ३०० मिमी, दुसरीवर ४०० मिमी मोजून खुणा केल्या आणि त्या खुणांमधले अंतर ५०० मिमी भरले, तर काटकोन बरोबर आहे. जमिनीलगत आणि ग्रॅनाइटच्या खाली असे दोन्ही ठिकाणी मोजावे. फरक आढळल्यास जिथे जागा सगळ्यात कमी आहे ते माप खरे धरावे आणि वर्तुळ तेवढे लहान करावे. कप्पा आणि पाठ यांच्यात २० मिमी सुटी जागा राहिलीच पाहिजे.

कप्पा सहज फिरण्याचे मर्म बेअरिंगपेक्षा ओळंब्यात, म्हणजे दांडा अगदी सरळ उभा असण्यात आहे. दांडा ६५० मिमी उंचीत ५ मिमी जरी कलला, तरी जड बाजू आपोआप उताराकडे जाऊन थांबते आणि दार उघडल्यावर खाच भलतीकडेच दिसते. बेअरिंग जितके चांगले, तितका हा दोष अधिक दिसतो, कारण हलक्या बेअरिंगला कप्पा धरून ठेवायला घर्षणच नसते. म्हणून आधी वरच्या आधाराची जागा पक्की करावी, तिथून ओळंबा सोडावा, तो पूर्ण स्थिर होऊ द्यावा आणि मगच खालची खूण करावी. खालच्या बेअरिंगची बैठक चार स्क्रूंवर घ्यावी आणि तिची भोके थोडी लांबट ठेवावीत, म्हणजे सामान भरल्यावर बारीक फरक करता येतो.

कप्प्यासाठी आयएस ७१० चा १८ किंवा १९ मिमी मरीन प्लाय घ्यावा. त्याचा चिकटपणा ७२ तास उकळून तपासलेला असतो. पार्टिकल बोर्ड आपल्या पावसात फुगतो, त्याचा विचारही करू नये. सनमायका दोन्ही बाजूंना लावावा. वरच्याच बाजूला लावला, तर खालची उघडी बाजू पावसाळ्यात ओलावा पिते, कप्पा वाटीसारखा वाकतो आणि एवढ्या व्यासाला कडेला दाराला टेकायला थोडा बाकही पुरतो. गोल कापलेल्या कडेला आणि दांड्याच्या भोकाच्या आतल्या अंगालाही इपॉक्सीचे दोन हात द्यावेत. भोक सगळेच विसरतात. ओली बरणी ठेवली की पाणी पसरत मध्यापर्यंत येते, दांड्याच्या कडेने भोकात उतरते आणि प्लायचे थर तिथून सुटू लागतात.

कप्पा दांड्याला धरणारी थाळी २५० मिमी व्यासाची आणि किमान ५ मिमी जाड असावी. लहान थाळीवर ४१० मिमी लांब गेलेली कड वजनाने हळूहळू खाली येते. खाचेचा आतला कोपरा मध्यापासून सुमारे १४० मिमीवर असल्यामुळे २५० मिमीची थाळी बाहेर डोकावत नाही.

शेवटची गोष्ट थांब्याची. भरलेला कप्पा एकदा वेगात आला की लगेच थांबत नाही आणि बाटल्या एकमेकींवर आदळतात. दांड्याच्या तळाशी खाच असलेली एक चकती बसवून तिच्यावर स्प्रिंगने दाबलेला नायलॉनचा रोलर ठेवावा. दाराच्या जागी आल्यावर रोलर खाचेत बसतो, कप्पा तिथे हलकेच अडतो आणि हाताला ते कळते. अशी चकती आणि दांड्याची टोके कातून घ्यायला कुडाळ किंवा सावंतवाडीत लेथवाला सहज मिळेल.

उत्तर (मालवण)

आमच्याकडे असा फिरता कप्पा काही वर्षे वापरात आहे, म्हणून वापरणारीच्या बाजूने लिहिते. कडेची पट्टी किमान ४० मिमी उंच हवी. ती कमी असेल तर मागे पडलेली छोटी बाटली कप्प्याच्या आणि भिंतीच्या फटीत जाते, कप्पा अडतो आणि ती काढण्यासाठी अर्धे सामान बाहेर काढावे लागते. मागच्या भिंतींच्या कोनात जो त्रिकोण उरतो, तिथे उभी तिरकी फळी लावून घ्यावी, म्हणजे वस्तूही पडत नाही आणि झुरळांना आडोसाही मिळत नाही. खालच्या कप्प्याखाली हात आणि फडके आत जाईल एवढी जागा सोडावी. दारांना वर-खाली जाळीच्या पट्ट्या ठेवाव्यात. आषाढ-श्रावणात बंद कोपऱ्याला कुबट वास येतो आणि तो डाळी-पिठांना लागतो. सुके मासे तिथे ठेवूच नयेत.

माझे मत एका बाबतीत वरील सर्वांपेक्षा वेगळे आहे. दोन्ही कप्पे फिरते कशाला हवेत? तांदळाचा डबा आणि मिठाची मोठी बरणी दाराशी राहिली तरी चालते, ती फिरवण्याची गरज नसते. खालचा कप्पा पक्का, न फिरणारा ठेवून त्याच्या मागच्या भागात मोदकपात्र, सोऱ्या, मोठी परात अशी चतुर्थीला आणि सणासुदीलाच लागणारी भांडी ठेवावीत, आणि रोजचे सामान वरच्या फिरत्या कप्प्यावर ठेवावे. तो हलका राहतो आणि माझ्या सासूबाईही एका बोटाने फिरवतात. गुडघ्यांचे दुखणे असलेल्या घरात हे फार महत्त्वाचे आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. मालवणच्या ताईंची सूचना आईला लगेच पटली. आता दोन शंका राहतात. खालचा कप्पा पक्का केला तर दांडा आखूड होईल, मग आधारांवरचा जोर वाढणार नाही का? आणि वरचे बेअरिंग ग्रॅनाइटला भोक पाडून बसवावे लागेल का?

उत्तर (कुडाळ, सुतारकाम)

ग्रॅनाइटला हात लावू नका. खाली पट्टी-पायांवर उभी राहणारी, पाठ, दोन बाजू, तळ आणि वरची आडवी फळी असलेली प्लायची स्वतंत्र पेटी करावी आणि दोन्ही बेअरिंगे पेटीतच बसवावीत. पेटी बाहेर जमिनीवर उभी करून दांडा ओळंब्यात घेता येतो, कप्पा भरून फिरवून पाहता येतो आणि मग ती कोपऱ्यात सरकवता येते. ९०० मिमीची सलग पेटी स्वयंपाकघराच्या दारातून आत जाते का ते मात्र आधी मोजा. जात नसेल तर ती दोन भागांत करून आत बोल्टने जोडावी. पेटी आणि भिंत यांच्यात थोडी फट राहू द्यावी, म्हणजे चिऱ्याची ओल प्लायला लागत नाही.

दांड्याबद्दल तुमची शंका रास्त आहे. पक्क्या कप्प्यावर खालचे बेअरिंग घेतले तर आधारांतले अंतर ३०० मिमीच्या आसपास येते आणि अभियंत्यांच्या हिशेबाने आडवा जोर ६ चा १२ किलो होतो. बेअरिंगला तो काहीच नाही, पण फळ्यांना आहे, म्हणून दोन्ही फळ्यांच्या खालून आडव्या पट्ट्या द्याव्या लागतील. त्यापेक्षा दांडा पक्क्या कप्प्यातून ४० मिमीच्या भोकातून आरपार खाली तळापर्यंत न्यावा आणि बेअरिंग तळावरच ठेवावे. आधारांतले अंतर पूर्वीइतकेच राहते, थांब्याची चकतीही खाली लपते, आणि पक्क्या कप्प्यावर दांड्याभोवती ५० मिमी उंच पाइपाचा तुकडा उभा केला की डबे त्याला टेकत नाहीत.