अल्बममध्ये चिकटवलेली जुनी पोस्टकार्डं सुटी करून विकावीत का?

ठाणेकर७७
आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. माळा रिकामा करताना पणजोबांचा चित्र-पोस्टकार्डांचा अल्बम हाती लागला. पणजोबा जीआयपी रेल्वेत कारकून. कार्डं साधारण १९०५ ते १९१४ मधली असावीत: व्हीटी, खंडाळ्याच्या घाटातलं रिव्हर्सिंग स्टेशन (जिथे गाडी दिशा बदलून उलटी निघायची), माथेरानची गाडी, १९११ चा दिल्ली दरबार, रविवर्मा प्रेसच्या शकुंतला-दमयंती आणि एडनच्या बंदराची काही. सगळी जाड तपकिरी पानांवर खळीने सपाट चिकटवलेली. प्रत्येकाखाली मोडीत एक-दोन ओळी.

एका विक्रेत्याला फोटो पाठवले. त्याचं म्हणणं, अल्बमसकट नको, सुटी करून आणा, मागची बाजू बघून कार्डागणिक भाव देतो. नाशिकचा चुलतभाऊ म्हणतो, काढ, वीक, पैसे चौघांत वाटू. बायको म्हणते, हात लावायचा नाही. माझा कल विकण्याकडे आहे, नव्या घरात माळाच नाही. मतं सांगा. भांडलात तरी चालेल.

रविवारचा_जुनाबाजार
विका. एवढी चर्चा कशाला?

मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो, माळ्यावरचा अल्बम म्हणजे कसरीसाठी वाढलेलं ताट. खळ म्हणजे पीठच. दुसरं, पोस्टकार्डाची अर्धी गंमत पाठीमागे असते. तिकीट, शिक्का, पत्ता, मजकूर. एडनचंच घ्या. १९३७ पर्यंत तिथे हिंदुस्थानचीच तिकिटं चालायची. म्हणजे नुसत्या तिकिटावरून कार्ड मुंबईत टाकलं की एडनला, ते कळत नाही; शिक्का बघावा लागतो. चित्र व्हीटीचं आणि शिक्का एडनचा असं कार्ड निघालं तर त्याचं गिऱ्हाईक वेगळं आणि भावही वेगळा. तुमच्या पणजोबांनी खळ लावून हे सगळं शंभर वर्षं झाकून ठेवलंय. ती पत्रं कोणीच वाचलेली नाहीत. सुटी करणं म्हणजे नासधूस, असं म्हणणाऱ्यांनी याचंही उत्तर द्यावं.

दप्तरदार
उत्तर देतो. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले असायचे. रुमालातून कागद सुटला, की तो कोणत्या प्रकरणातला, त्याच्या आधी काय आणि नंतर काय, हे सांगणारा कोणी उरत नाही. कागद तोच, पण मुका. अल्बम हा तसाच रुमाल आहे. एका रेल्वे कारकुनाने १९१० च्या सुमारास कोणती चित्रं जपली, कशाशेजारी काय लावलं, दरबाराच्या बादशहाला पान कितवं दिलं आणि खाली मोडीत काय लिहिलं, ही माहिती सुट्या कार्डांच्या ढिगात कुठे सापडणार? व्हीटीची कार्डं ढिगाने छापली गेली, ती कुठेही मिळतील. हा अल्बम एकच आहे.

आणि 'झाकून ठेवलंय' हे काय? माणसाला चित्रं बघायची होती, त्याने चित्र वर ठेवलं. त्याचा अल्बम, त्याची मर्जी.

रविवारचा_जुनाबाजार
मोडी वाचणारे किती राहिलेत साहेब? आणि त्या ओळींत असणार काय, 'व्हीटी स्टेशन, मुंबई'. तुम्ही मंडळी जपा-जपा म्हणता, पण जपणार कोण? घरच्यांना नकोय. संग्रहालयात दिलात तर नोंदवही, मग कपाट, मग कुलूप. माझ्याकडून कार्ड घेणारा माणूस ते प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून रोज बघतो.

सांगलीचा_सदू
रोज बघतो हे खरं. आमच्या शेजारचे काका तिकिटं रोज बघतात, बायकोकडे मात्र दिवाळीलाच.

दप्तरदार
मोडी वाचणारे आहेत, दरवर्षी वर्ग चालतात, नवी मुलं शिकतात. ठाणेकर, दोन-चार ओळींचे फोटो इथे टाका, मी वाचून देतो.

कागदवेडी
मी जुन्या कागदांच्या दुरुस्तीचं काम करते. विकायचं की नाही यात मी पडत नाही, पण 'सुटी करा' हे म्हणायला जितकं सोपं तितकं करायला नाही, आणि विक्रेता ते काम तुमच्या गळ्यात मारतोय हे आधी लक्षात घ्या. फाटलं तर तुमचं, निघालं तर त्याचं.

खळ पाण्याने फुगते आणि सुटते, हे खरं. म्हणून लोक अख्खं पान परातीत बुडवतात. पण पाणी फक्त खळीला लागत नाही. तिकिटामागचा डिंकही पाण्याने सुटतो, म्हणजे ज्या तिकिटासाठी आटापिटा तेच तरंगत बाहेर येणार. शाई पसरते. रेल्वेतला माणूस म्हणून आणखी एक भीती: कॉपिंग पेन्सिल. कोरडी असताना साध्या पेन्सिलीसारखी करडी दिसते, ओलावा लागला की जांभळी होऊन कार्डभर पसरते. मागे ती आहे की नाही हे चिकटलेल्या कार्डावरून कळणार कसं? हाताने रंगवलेली कार्डं असतील तर त्यांचे रंग पाण्यात उतरतात. आणि खरा फोटो असलेली कार्डं, म्हणजे छपाई नव्हे तर फोटोच्या कागदावर काढलेली, त्यांचा वरचा जिलेटिनचा थर ओला झाला की बोट लागलं तरी निघतो. भिंगातून बघा: बारीक ठिपके दिसले तर छपाई, ठिपके नसून सलग करडी छटा असेल तर बहुधा फोटो. बहुधा म्हणते, कारण कोलोटाइप छपाईतही असे ठिपके नसतात.

हेअर ड्रायर, वाफ, फ्रीझर, दोऱ्याने कापणं, हे व्हिडिओतले प्रयोग खळीवर करू नका.

कमीत कमी धोक्याचा मार्ग कोरडा आहे. कार्ड पानावरून ओढायचं नाही, पान कार्डावरून काढायचं. कार्ड पालथं ठेवून मागचं पान बोथट पातीने थराथराने सोलत यायचं, शेवटचा पापुद्रा आणि खळ तेवढी जरा दमट टीपकागदाने मऊ करायची. तसूतसूने चालणारं काम आहे. म्हणजे कार्ड वाचवायचं तर पानाचा बळी द्यावा लागतो. आता सांगा, कार्डं पानाच्या एकाच बाजूला आहेत की दोन्ही?

ठाणेकर७७
दोन्ही बाजूंना आहेत. मोडी अर्थातच पानावर, कार्डावर नाही.

कागदवेडी
मग संपलं. एका बाजूचं कार्ड वाचवायला पान सोलाल, तर दुसऱ्या बाजूचं कार्ड आड येणार. मोडीच्या ओळींच्या पट्ट्या आधी कापून ठेवता येतील, पण मग अल्बम नाही, लिफाफ्यातला चुरा उरेल.

रविवारचा_जुनाबाजार
ताई, धंद्यात सगळे कात्रीने पान कापतात आणि कार्डाच्या पाठीला चिकटलेल्या तपकिरी कागदासकट विकतात. घेणारा त्याचं तो बघतो.

कागदवेडी
आणि मागची बाजू तशीही दिसत नाही! मग एडनच्या शिक्क्याचं काय झालं?

रविवारचा_जुनाबाजार
भाव कमी येतो, एवढंच. शून्य येत नाही.

परळचा_वकील
एक वेगळी गोष्ट. परदेशी गिऱ्हाइकाला ऑनलाइन विकण्याचा विचार असेल तर थांबा. १९७२ चा पुरावस्तू आणि कलावस्तू कायदा आहे. त्यात शंभर वर्षांहून जुनी कलाकृती किंवा कारागिरीची वस्तू येते, आणि ऐतिहासिक मूल्याची हस्तलिखितं, कागदपत्रं पंचाहत्तर वर्षांनंतरच येतात. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. छापील चित्राचं पोस्टकार्ड यात बसतं का, यावर वाद घालता येईल. पण वाद तुम्ही कस्टम्सच्या टेबलावर घालणार का? पुरातत्त्व खात्याकडून 'पुरावस्तू नाही' असा दाखला मिळतो, तो आधी घ्या. देशातल्या देशात विकायला ही अडचण नाही.

दुसरं, चौघांचा वाटा आहे म्हणालात. मग चौघांची संमती लेखी घ्या, व्हॉट्सॅपवरचा अंगठा पुरत नाही.

नाशिकहून_मीच
ठाणेकरांचा चुलतभाऊ मीच, बायकोने हा धागा दाखवला. मला खलनायक करू नका. मी एवढंच म्हणतोय की पणजोबांवर प्रेम असतं तर तो अल्बम पेटीत जुन्या पंचांगांखाली दाबलेला सापडला नसता. विकून आलेल्या पैशातून कोणाची फी भरली तर पणजोबा रागावतील असं मला वाटत नाही. सुटी कार्डं चौघांत वाटली तरी मला चालेल.

दप्तरदार
वाटण्या करू नका एवढी विनंती. विकायचाच असेल तर अख्खा विका. रेल्वेचा इतिहास जमवणारे लोक आहेत, मुंबईची जुनी चित्रं जमवणारे आहेत. असा अल्बम ते अल्बम म्हणूनच घेतात. सुट्या कार्डांच्या बेरजेपेक्षा थोडे कमी मिळतील, पण कापण्यात फाटणार ती कार्डंही त्या बेरजेतून वजा करा.

ठाणेकर७७
काल रात्री एकेक पान बघितलं. मोबाईलचा टॉर्च मागे धरून उपयोग नाही, पान फार जाड आहे. पण घाटातल्या रिव्हर्सिंग स्टेशनच्या कार्डाचा डावा खालचा कोपरा आपोआप सुटलाय. तो जरा उचलून आत वाकून पाहिलं तर निम्मा गोल शिक्का, 'पूना' आणि त्याखाली ९ किंवा ८ चा आकडा. शाई अजून काळीभोर. कागदवेडी, कोपऱ्यावर खळीचा पिवळट पापुद्रा आणि मधेमधे निळसर ठिपके आहेत, ते काय?

कागदवेडी
मोरचूद. कीड लागू नये म्हणून खळीत घालायचे. विषारी असतं, हात धुवा, पान उलटताना बोट जिभेला लावू नका. कसरीने अल्बम का सोडला त्याचंही हेच कारण असावं. जुनाबाजारवाल्यांचं वाढलेलं ताट वाया गेलं म्हणायचं.

दप्तरदार
त्या कार्डाखालची मोडी?

ठाणेकर७७
फोटो टाकलाय.

दप्तरदार
'येथे गाडी उलटी होते. बापूस पोटात ढवळले.' दुसऱ्या ओळीत 'मागील' एवढंच लागतंय, पुढे शाई उडाली आहे. रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ ला बंद झालं, त्यामुळे हा अनुभव नंतर कोणाला घेताच आला नाही. जुनाबाजारवाले, 'व्हीटी स्टेशन, मुंबई' एवढंच असणार म्हणाला होतात ना?

नाशिकहून_मीच
बापू म्हणजे आमचे आजोबा. १९०६ चा जन्म.

रविवारचा_जुनाबाजार
बरं, ओळ चांगली आहे, मान्य. तरी माझं मत तेच. सगळ्या पानांखाली अशा ओळी निघणार नाहीत, आणि ठाणेकरांच्या नव्या घरात माळा उगवणार नाही. अख्खा घेणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे, पुण्यातला, रेल्वेवालाच. भाव पाडून मागेल. बोलू का?

ठाणेकर७७
बोला, पण आधी सगळी पानं मोडीसकट ६०० डीपीआयवर स्कॅन करून घेतो आणि प्रती चौघांना देतो. कापायचं काही नाही, सुटलेला कोपरा आहे तसाच राहील. बायको अजून विकायच्या विरोधात आहे, ते मत धाग्यावर नोंदवावं असं तिने बजावलंय.

सांगलीचा_सदू
वहिनींना पाठिंबा. आणि फ्लॅटबेडवर पान दाबू नका राव, वरून कॅमेऱ्याने फोटो काढा, नाहीतर शिवण तुटेल.